दापोली-हरिहरेश्वर ‘ज्वालामुखी टूर’ : पैसे वसूल आहेत का?

निकाल आधीच सांगते, कारण सगळं वाचून झाल्यावर शेवटी ‘ठीकठाक’ लिहिणारे रिव्ह्यू मला स्वतःला अजिबात आवडत नाहीत. पाचातले चार स्टार. माहिती सांगणारा माणूस एक नंबर, जागा बरोबर निवडलेल्या, जाहिरात आणि जेवणाच्या वेळा मात्र बंडल. ज्यांना बीचवर लोळायचंय आणि रात्री सुरमई फ्राय हाणायचीय त्यांनी या टूरला जाऊ नका, तुम्ही पण बोअर व्हाल आणि बाकीच्यांना पण कराल (आमच्या गाडीत असं एक जोडपं होतं, दर थांब्याला ‘अजून दगडच का?’).

टूर म्हणजे शनिवार-रविवारची, टेम्पो ट्रॅव्हलरने, दापोलीतून निघायचं, पन्हाळेकाजी, उन्हवरे, रात्री होमस्टे, दुसऱ्या दिवशी वेसवीवरून फेरीबोटीने बागमांडला आणि तिथून हरिहरेश्वर. माणशी ३,२०० घेतात, त्यात राहणं, खाणं, फेरीबोट सगळं आलं. नाव मुद्दाम टाकत नाहीये, घरगुती धंदा आहे, खाली तक्रारी पण लिहिल्यात, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. आम्ही चिपळूणहून गेलेलो, मी, नवरा, नववीतली लेक आणि सासरे म्हणजे अप्पा.

पहिली तक्रार गाडीत बसायच्या आधीचीच. यांच्या बॅनरवर एक टोकदार डोंगर आहे, टोकावर बर्फ, तोंडातून लालभडक लाव्हा उडतोय आणि खाली लिहिलंय ‘कोकणातला ज्वालामुखी पाहा’. तो सरळसरळ जपानचा फुजी आहे, लेकीने दोन मिनिटांत मोबाईलवर काढून दाखवला. अप्पांनी तर बुकिंगवाल्यालाच विचारलं, ‘अरे हा डोंगर दापोलीत खय उगवला?’ म्हणे भाच्याने डिझाईन केलंय. बरं, भाच्याने केलं ते केलं, पण त्याच्यामुळे लोक काय अपेक्षा घेऊन येतात! आमच्या गाडीतल्या एका काकूंनी खरोखर धूर दिसेल म्हणून दुर्बीण आणलेली.

आता चांगलं. गाईड म्हणजे भूगोलाचे रिटायर्ड मास्तर आहेत, सगळे त्यांना सरच म्हणतात. गाडी गावाबाहेर आली आणि एका मोकळ्या सड्यावर थांबवली, चारी बाजूंना काळपट तांबडा कातळ, मधे मधे वाळलेलं गवत, लांब एक गुराखी, बाकी काही नाही. सर खाली उतरले आणि म्हणाले, ‘हा घ्या ज्वालामुखी. फक्त उभा नाही, आडवा आहे.’ मग तिथेच उन्हात उभं राहून त्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात जे झालं त्यात शंकूसारखा डोंगरही नव्हता आणि एक मोठं तोंडही नव्हतं, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा वर येऊन आडवा पसरत गेला, थंड झाला, मग परत भेग, परत लाव्हा, थरावर थर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यातलं बहुतेक सगळं दहा लाख वर्षांच्या आत उरकलं, पृथ्वीच्या हिशोबात हे म्हणजे घाईच झाली. झीज होऊन होऊन सुद्धा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड उरलाय आणि सह्याद्रीत काही ठिकाणी थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. कळसूबाई १,६४६ मीटर, ती पण याच लाव्ह्याची. ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव शाळेत ऐकलेलं असतं, तीन मार्काच्या टिपेपुरतं, पण त्याच्यावर उभं राहून ऐकलं की वेगळं वाटतं.

माझ्या मते टूरचा सगळ्यात भारी भाग दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या स्वयंपाकघरात झाला आणि तो त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलाच नाहीये. वहिनी घावन घालत होत्या, बिडाचा तवा, चुलीवर, आणि सर आम्हाला सगळ्यांना आत घेऊन गेले. पातळ पीठ वाटीने तव्यावर टाकलं की ते हात न लावता कडेपर्यंत पळतं आणि चपटं होतं. मग वहिनींना सांगून त्यांनी त्याच पिठात मूठभर पीठ जास्त घालायला लावलं, घट्ट केलं आणि टाकलं, तर ते मधेच ढिगासारखं बसून राहिलं, हलेना. सर म्हणाले, झालं, ज्वालामुखीचे निम्मे प्रकार इथेच झाले. लाव्ह्यात सिलिका (वाळूत असते तीच) किती यावर तो पातळ की घट्ट ते ठरतं. आपल्या बसाल्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या दगडात, सिलिका साधारण निम्मी, बाहेर पडताना तापमान ११०० ते १२०० अंशांच्या आसपास, त्यामुळे तो पळतो. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट, तोंडातच अडकतो, आतला वायू कोंडतो आणि मग नुसता वाहत नाही, फुटतो. आणि मग त्यांनी घावनाची जाळी दाखवली, ही भोकं कशाची, वाफ बाहेर पडताना झालेली, लाव्ह्यात पण तेच, वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगड थंड झाला तरी भोकं तशीच राहतात. वहिनी म्हणाल्या, ‘ताई, आता गरम आहे तोवर खा, दगड नंतर बघा.’ ते पण बरोबरच होतं.

खाताखाता मग बाकीचे प्रकार निघाले. पातळ लाव्हा एकाच ठिकाणाहून वर्षानुवर्षं येत राहिला तर उताराचा पसरट अवाढव्य डोंगर बनतो, ढाल पालथी ठेवल्यासारखा म्हणून त्याला ढालीचं नाव. हवाईचा मौना लोआ तसा, समुद्राच्या वर ४,१६९ मीटर दिसतो पण समुद्राच्या तळापासून मोजला तर नऊ किलोमीटरच्या वर जातो, आणि चढ इतका सावकाश की चढतोय असं वाटतच नाही म्हणे. घट्ट लाव्हा आणि राख आलटून पालटून साचली की फुजीसारखा देखणा उभा शंकू, ३,७७६ मीटर, शेवटचा उद्रेक १७०७ साली. दिसायला सगळ्यात सुंदर तेच आणि माणसं मारण्यात पण तेच पुढे, इटलीचा व्हेसुव्हियस इसवी सन ७९, इंडोनेशियाचा क्राकाटोआ १८८३. क्राकाटोआचा आवाज जवळपास ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांसारखा ऐकू गेला. लेकीला आवडला तो मेक्सिकोचा पारिकुतिन, २० फेब्रुवारी १९४३ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि वर्षभरात तिथे ३०० मीटरपेक्षा उंच टेकाड तयार, नुसत्या उडालेल्या खडे-राखेचं. १९५२ला बंद पडला तो पडलाच. आणि चौथा प्रकार म्हणजे खालचा साठा एकदम रिकामा झाला की वरचं छप्परच खाली बसतं, प्रचंड खळगा होतो, बऱ्याचदा त्यात पाणी भरून तळं. इंडोनेशियाचा टोबा तलाव तसा झाला, साधारण शंभर किलोमीटर लांब, उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा.

एका काकांनी इथे लोणार काढलं. दर टूरला कुणीतरी काढतंच म्हणे. लोणार हा ज्वालामुखी नाही, वरून उल्का आदळून पडलेला खड्डा आहे, पडला मात्र आपल्याच बसाल्टमध्ये. भारतात आज जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानचं बॅरन बेट. १७८७ला उद्रेकाची नोंद आहे, मग दीड शतकाहून जास्त शांत, १९९१ला परत सुरू आणि नंतरही अधूनमधून चालूच.

मला स्वतःला जे सगळ्यात जास्त लागलं ते आइसलँडचं. आपल्याकडे काय झालं असेल त्याची छोटी झलक माणसाने एकदा डोळ्याने बघितलीय, १७८३ला लाकी नावाच्या ठिकाणी जमिनीला २७ किलोमीटरची भेग पडली आणि आठ महिने लाव्हा वाहिला, साधारण ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकली गेली. पण माणसं लाव्ह्याने नाही मेली, विषारी वायूंनी गवत खराब झालं, गुरंढोरं गेली, मग दुष्काळ, आइसलँडमधलं पाचातलं एक तरी माणूस गेलं. आता लाकीच्या कित्येक हजार पट लाव्हा आपल्या पायाखाली आहे. डायनासोर गेले त्याच सुमारास हे चालू होतं, मेक्सिकोत उल्का पडली ती पण त्याच सुमारास, दोष कुणाला किती द्यायचा यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत आणि सरांनी पण एक बाजू घेऊन आमच्या डोक्यावर मारली नाही हे मला आवडलं. अप्पांनी मात्र लगेच निकाल दिला, ‘दोघांनी मिळून मारलं.’

पन्हाळेकाजीला लेणी बघायला जाणारे बरेच असतात, २९ लेणी, आधी बौद्ध मग नाथपंथी, कोटजाई नदीच्या काठी. इथे सरांनी मूर्ती बघायच्या आधी भिंत बघायला लावली. लेणं जिथे खोदलंय तो एकच जाड थर, आतून घट्ट, तडे कमी, म्हणून छप्पर उभं राहिलं. भोकाभोकांचा मऊ थर असता तर खोदायला सोपा पण टिकला नसता. मग म्हणाले घाटात जाताना बघा, कडा, मग गवताळ पट्टा, परत कडा, परत पट्टा. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थर झिजून पट्टा होतो. आम्ही कुंभार्ली घाट इतक्या वेळा चढलोय, एसटीतून, बाईकवरून, आता गेल्या आठवड्यात कराडला जाताना पहिल्यांदा मोजत गेले. काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटेच्या रंगाची पट्टी दिसते, ती म्हणजे एक लाव्हा येऊन गेला आणि दुसरा यायच्या आधी मधल्या काळात त्याच्यावर माती तयार व्हायला लागलेली, ती पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. म्हणजे मधे उसंत मिळत होती. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, डबकी साचत होती, बेडूक डरावत होते, आणि मग पुढचा लाव्हा. वरळीला बेडूक! आता तिथे काय भाव आहे फ्लॅटचा.

रस्त्याच्या एका कटिंगला गाडी थांबवून त्यांनी काळ्या दगडातून खालपासून वर उभी गेलेली वेगळ्या पोताची पट्टी दाखवली, भिंतीसारखी. लाव्हा ज्या भेगेतून वर आला तिच्यातच शेवटचा थिजून बसला तो हा. आजूबाजूच्या दगडापेक्षा कठीण निघाला तर झीज होताना भिंत उरते, मऊ निघाला तर चर पडतो. कोकणात अशा भिंती भरपूर आहेत आणि बऱ्याचशा उत्तर-दक्षिण, किनाऱ्याला समांतर. याचं कारण म्हणजे त्या काळात आपला पश्चिम किनारा फाटत होता, साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला आणि लांब गेला. मग इकडच्या उघड्या पडलेल्या कडेला पाऊस खात गेला, कडा मागे मागे सरकत पूर्वेला गेला, तो आज सह्याद्री, आणि मागे उरलेली खालची पट्टी म्हणजे आपण. हे सांगताना समोर खेडच्या बाजूचे डोंगर दिसत होते, सगळे शांत. ते जोडपं सुद्धा.

आणि हे कळल्यावर माझी ट्यूब पेटली ती मॉरिशसवरून. ज्या खोल तप्त जागेवरून भारत सरकत गेला आणि हा लाव्हा वर आला, ती जागा आपण पुढे निघून आल्यावर मागेच राहिली, तिच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव असा समुद्राखालचा उंचवटा तयार झाला, मग मॉरिशस, आणि आज ती रेयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओकतो. इंग्रजांच्या काळात कोकणातून बरीच माणसं मॉरिशसला मजुरीला गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथे गणपती बसवतात. म्हणजे माणसं उलट्या वाटेने गेली आणि तोच काळा दगड तिकडे पण सापडला. सरांना सांगितलं तर खूश झाले, म्हणाले पुढच्या टूरला घालतो.

उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड हा सगळ्यात लोकप्रिय थांबा आणि सगळ्यात जास्त गडबड पण इथेच. सर फोनवर होते तेवढ्यात त्यांच्याबरोबरच्या तरुण असिस्टंटने लोकांना सांगायला सुरुवात केली की खाली लाव्हा अजून जिवंत आहे म्हणून पाणी तापतं आणि कधीही उद्रेक होऊ शकतो. दोन बायका घाबरल्या, एकीने मुलाला कुंडाजवळून ओढलं. सरांनी येऊन सगळं परत समजावलं. इथला ज्वालामुखी ६ कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश तापमान वाढतं, पाणी तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. एवढंच. पालघरकडे सातिवली, वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून सुरू करा, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, मग उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूर, नकाशावर ठिपके टाकले तर सह्याद्रीच्या पायथ्याशी एक ओळ तयार होते, भेगांची ओळ. टूरवाल्यांनो, असिस्टंटला आधी शिकवा आणि मग माईक द्या. बाकी कुंड छान, बायका-पुरुषांची वेगळी सोय, गंधकाचा वास येतो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत टॉवेलला होता. मुळाच्या झऱ्यात हात घालायला जाऊ नका, पोळेल.

जांभ्याचा, म्हणजे आपल्या तांबड्या चिऱ्याच्या दगडाचा, भाग सरांनी जरा घाईत उरकला असं मला वाटलं आणि कोकणच्या माणसाला खरं तर तोच जवळचा. पण तिथे अप्पांनी बाजू सांभाळली. त्यांनी तरुणपणी विहिरी खणायच्या कामावर माणसं लावलेली, त्यामुळे ते बोलायला लागले, ‘वर जांभा लागतो, मग शेडी, पांढरट मऊ माती, हाताने उकरते, आणि मग खाली काळवत्री, म्हणजे काळा कातळ. काळवत्री लागली की सुरुंगाचा खर्च वाढला म्हणून समजायचं.’ सर एकदम वहीच काढून बसले. म्हणाले, अप्पा, हेच तर सगळं आहे, तुम्ही वरून खाली गेलात, निसर्ग खालून वर आला. काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं कोकणातला पाऊस आणि ऊन, सिलिका धुऊन गेली, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, मधे शेडी तयार झाली आणि वर जांभा. म्हणूनच केळशी-उंबरशेतकडे बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) सापडतं. खाणीतून काढताना चिरा ओला आणि मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की कडक. आणि जांभा पाणी धरत नाही, सगळं खाली जाऊ देतो, ते शेडीवर किंवा काळ्या दगडावर अडतं आणि उतारावर झऱ्यासारखं बाहेर पडतं, म्हणून वाड्या सड्यावर नाहीत, उतारावर आहेत. पावसात एवढं कोसळून मे महिन्यात टँकर का लागतो याचं अर्धं उत्तर या दगडात आहे, उरलेलं अर्धं उत्तर दुसरीकडे आहे, ते इथे नको. हे दोघं जवळपास तासभर बोलत बसले आणि त्यात जेवणाची वेळ गेली.

जेवण. दुपारचं जेवण एक वाजता म्हणाले, मिळालं सव्वातीनला. उकडा भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, चव उत्तम, तक्रार नाही, पण बरोबर लहान मुलं आणि डायबिटिसवाली माणसं असतात याचा विचार हवा. मासे पाहिजे असतील तर आदल्या रात्री सांगावं लागतं आणि हे कुणी सांगत नाही.

हरिहरेश्वर हा शेवटचा थांबा. फेरीबोटीत गाडीसकट चढायचं, मुलांना तेवढंच पुरेसं असतं. देवळाच्या मागून प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरून खाली गेलं की समुद्राने कापलेला खडकाचा सपाट ओटा लागतो आणि बाजूच्या कड्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. यातली बरीचशी खारं पाणी आणि वाऱ्याने पडलेली, क्षार दगडात शिरून सुकतात आणि कण कण सोडवत जातात, वर लाटांचा मार आहेच. पण सरांनी गुडघ्यावर बसून ओट्यातली वेगळी छोटी भोकं दाखवली, बोटाच्या टोकाएवढी, काही रिकामी, काहींत पांढरं काहीतरी घट्ट भरलेलं. ही वायूची, लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांची. नंतर त्यातून खनिजं घेऊन पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीत स्फटिक वाढले. लेकीने भिंगातून बघितलं तर एका पोकळीत आत पंख्यासारखे पसरलेले बारीक पापुद्रे चमकत होते आणि त्याच्या बाजूच्याच पोकळीत एक एवढासा खेकडा पाय आखडून बसलेला. मोठ्या पोकळ्यांत हेच स्फटिक मुठीएवढे होतात, नाशिक-पुण्याकडच्या खाणींतले तर जगभरच्या म्युझियममध्ये जातात. फोडून घ्यायला मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही, एकाने दगड उचलून ठोकायला सुरुवात केलेली तर त्याला सगळ्यांसमोर झापला. याचे माझ्याकडून अर्धा स्टार एक्स्ट्रा.

इथेच एक गोष्ट गंभीरपणे सांगते. ही वाट फक्त ओहोटीची. भरती चढायला लागली की लाट ओट्यावरून सरळ पायापर्यंत येते, दगड शेवाळाने बुळबुळीत असतो आणि इथे माणसं वाहून गेलेली आहेत. सरांनी शिट्टी ठेवलेली, वाजली की कुणी कितीही सेल्फीत असो, वर. अप्पा वरच थांबले, पायऱ्या उभ्या आहेत, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी हट्ट करू नये.

राहता राहिल्या बारीकसारीक तक्रारी. एक, टूर संपताना मुलांना ‘ज्वालामुखी किट’ विकतात, ३५० रुपये, आत प्लास्टिकचा शंकू, खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. दोन दिवस डोकं फोडून सांगितलं की आपला ज्वालामुखी शंकू नव्हता आणि शेवटी घरी काय नेलं तर शंकू! त्यापेक्षा बसाल्ट, जांभा आणि शेडी असे चिरेखाणीतले तीन तुकडे डबीत घालून दिले तर मी पाचशे देईन. शिवाय सोडा-व्हिनेगरच्या फेसाचा लाव्ह्याशी काही संबंध नाही, वायूमुळे वर येतं एवढंच काय ते साम्य. दोन, गाडीतल्या छोट्या लॅपटॉपवर स्लाइड दाखवतात, मागच्या सीटवरून काही दिसत नाही आणि कोकणातल्या वळणांवर स्क्रीनकडे बघून दोघांना उलट्या झाल्या. तीन, नोट्सची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते ती पूर्ण इंग्रजीत, गाडीत सगळे मराठी बोलणारे, सर एवढं सुंदर मराठीत सांगतात, मग लिहिताना काय झालं? चार, कॅन्सल केलं तर अॅडव्हान्स परत नाही, तारीख बदलून देतात पण पावसाळ्यात टूर बंद असते त्यामुळे मे महिन्यात कॅन्सल केलंत तर थेट दिवाळीनंतर.

दक्षिणेकडची मंडळी विचारतील म्हणून, अशीच टूर मालवण-वेंगुर्ल्याला का नाही, तर तिकडे हा लाव्ह्याचा थर विरळ होत संपतो आणि खालचे कितीतरी जुने खडक वर येतात, तो विषयच वेगळा. रत्नागिरीला मात्र करायला हवी, तिथल्या काळ्या वाळूत याच बसाल्टमधून झिजून आलेलं इल्मेनाइट नावाचं काळं जड खनिज आहे, मांडवीला लोहचुंबक घेऊन गेलात तर काळे कण चिकटलेले दिसतील. मी सरांना सुचवलंय, बघू.

कुणी जावं : आठवीच्या वरची मुलं, भूगोलाचे शिक्षक, ट्रेकवाले, चिरेखाण किंवा विहिरीच्या कामातली जुनी माणसं (त्यांना सरांपेक्षा जास्त माहीत असतं). पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, त्यांचे पण १,६०० घेतात. बूट रबरी तळव्याचे, टोपी, पाणी आपलं आपलं, खाऊची पिशवी जवळ ठेवा, वर सांगितलंच का ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, मार्चनंतर सड्यावर पाय भाजतात. आणि बुकिंग करताना रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते आधी विचारा, दुपारी बाराच्या आसपास भरती असेल तर ती तारीख सोडा, नाहीतर ३,२०० देऊन हरिहरेश्वरला देवळाच्या कट्ट्यावर बसून सरबत पिऊन परत याल.